भावाची बँक बुडाली, पण जेन ऑस्टिनची बचत वाचली ती सरकारी रोख्यांमुळे

इंग्लंडची १० पौंडांची नोट कधी पाहिलीय? तिच्यावर टोपी घातलेल्या एका बाईचं चित्र आहे. ही जेन ऑस्टिन. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' लिहिणारी. २०१७ साली, तिच्या मृत्यूला २०० वर्षं झाली तेव्हा, बँक ऑफ इंग्लंडने तिला नोटेवर आणलं.

लोकांना वाटतं जेन ऑस्टिन म्हणजे लग्नाच्या गोष्टी. बॉल डान्स, घोडागाड्या, श्रीमंत आणि तिरसट नायक. पण तिची पुस्तकं नीट वाचली तर कळतं की पानापानावर पैशाचा हिशोब आहे. कुणाचं उत्पन्न वर्षाला किती, मुद्दल किती, व्याज किती, नवरा मेला तर बायकोच्या हाती काय उरणार.

हा हिशोब तिला हौस म्हणून येत नव्हता. तिच्या स्वतःच्या गाठीला बरीच वर्षं काहीही नव्हतं. आणि चाळिशीच्या जवळ आल्यावर जेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचे पैसे हातात आले, तेव्हा तिने ते कुठे ठेवले याची ही गोष्ट.

सुरुवातीपासून सांगतो.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात स्टीव्हंटन नावाचं छोटं गाव आहे, तिथे तिचे वडील जॉर्ज ऑस्टिन चर्चचे रेक्टर होते. आठ भावंडं. सहा भाऊ आणि दोन बहिणी, थोरली कसँड्रा आणि धाकटी जेन.

इथे एक आपल्याकडचा धागा येतो. जेनची आत्या फिलाडेल्फिया लग्नासाठी हिंदुस्थानात आली होती. तिची मुलगी इलायझा कलकत्त्यात जन्मली आणि वॉरन हेस्टिंग्ज तिचा गॉडफादर. तोच हेस्टिंग्ज, ज्याच्या काळात इंग्रज आणि मराठ्यांचं पहिलं युद्ध झालं आणि १७८२ ला सालबाईच्या तहाने संपलं. या हेस्टिंग्जने इलायझाच्या नावाने १० हजार पौंड विश्वस्तांकडे ठेवले होते. पुढे हीच इलायझा जेनचा भाऊ हेन्री याच्याशी लग्न करून तिची वहिनी झाली. म्हणजे घरातल्या एका मुलीच्या नावावर मुद्दल होतं आणि ती त्या व्याजावर आयुष्यभर ताठ मानेने जगली. जेन हे लहानपणापासून बघत होती.

तिच्या स्वतःच्या नावावर मात्र शून्य.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये मध्यमवर्गीय घरातल्या बाईपुढे रस्ते तीनच. लग्न करा, कुणाच्या तरी घरी गव्हर्नेस म्हणून राहा, नाहीतर भावांच्या आधारावर जगा. लग्न केलं तर बाईचा पैसा कायद्याने नवऱ्याचा व्हायचा, वेगळा करार केला नसेल तर. अविवाहित बाईला मात्र स्वतःच्या नावावर पैसा ठेवता यायचा. फक्त तो आणायचा कुठून हा प्रश्न.

डिसेंबर १८०२ मध्ये जेनला एक मागणी आली. हॅरिस बिग-विदर, मोठ्या इस्टेटीचा वारस. तिने संध्याकाळी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन नाही म्हणून सांगितलं. एका रात्रीत तिने आयुष्यभराची सोय नाकारली. तिचं वय होतं २६.

दोन वर्षांनी, जानेवारी १८०५ मध्ये वडील वारले. चर्चच्या पगाराला वारस नसतो. तो त्या दिवशी बंद झाला. आई आणि कसँड्रा या दोघींचं मिळून उत्पन्न वर्षाला २१० पौंड उरलं. कसँड्राचा वाटा तिच्या होणाऱ्या नवऱ्याने मागे ठेवलेल्या १,००० पौंडांच्या व्याजाचा. तो बिचारा लग्नाआधीच वेस्ट इंडिजमध्ये तापाने गेला होता. जेनचा वाटा काहीच नाही.

मग भावांनी वर्गणी काढली. एडवर्ड १०० पौंड, जेम्स, हेन्री आणि फ्रँक प्रत्येकी ५० पौंड. झाले ४६०. या पैशावर तीन बायकांचं घर चालायचं. चार वर्षं त्या बाथ, साउदॅम्प्टन अशा भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या घरांत फिरल्या. १८०९ ला एडवर्डने आपल्या इस्टेटीतलं चॉटन गावचं एक घर दिलं तेव्हा कुठे बूड टेकलं.

जेनचा १८०७ सालचा खर्चाचा हिशोब आजही उपलब्ध आहे. वर्षभरात खर्च झाले सुमारे ४४ पौंड. त्यात कपडे धुवायचे ९ पौंड, पत्रं आणि पार्सलांचे ४ पौंडांच्या आत, पियानो भाड्याने घेतला त्याचे २ पौंड १३ शिलिंग. हा ४४ चा आकडा लक्षात ठेवा.

आता कमाईकडे येऊ.

तिने पहिलं पुस्तक विकलं ते १८०३ मध्ये, १० पौंडांना. प्रकाशकाने हस्तलिखित घेतलं आणि छापलंच नाही. तेरा वर्षं पडून राहिलं. शेवटी १८१६ मध्ये हेन्रीने तेच १० पौंड परत देऊन ते सोडवून आणलं. तेरा वर्षांत शून्य टक्के परतावा, म्हणायला हरकत नाही.

१८११ ला 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' आलं. ते तिने कमिशनवर छापलं. म्हणजे छपाईचा खर्च लेखकाच्या अंगावर, प्रकाशकाला कमिशन, नफा झाला तर लेखकाचा आणि तोटा झाला तरी लेखकाचाच. तोटा होणार असं धरून तिने आपल्या तुटपुंज्या पैशातून थोडी रक्कम बाजूला काढून ठेवली होती. पण १८१३ च्या मध्यापर्यंत आवृत्ती संपली आणि नफा झाला १४० पौंड.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या वेळी मात्र तिने जोखीम घेतली नाही. हक्कच विकून टाकले. मागितले १५०, मिळाले ११० पौंड. पुस्तक तुफान चाललं, लगेच दुसरी आवृत्ती निघाली, आणि तो सगळा नफा प्रकाशकाच्या खिशात गेला. आजवरच्या सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी एक, आणि लेखिकेला मिळाले फक्त ११० पौंड. माझ्या मते ती इथे चुकली, पण गाठीला काही नसलेल्या माणसाला हातातले ११० सोडवत नाहीत हेही खरं.

मग १८१४ ला 'मॅन्सफिल्ड पार्क'. हे पुन्हा कमिशनवर. नफा ३०० पौंडांच्या वर गेला.

तीन पुस्तकांची बेरीज करा. आकडा ६०० च्या आसपास जातो. आणि १८१६ पर्यंत बरोबर ६०० पौंड जेन ऑस्टिनच्या नावाने एका ठिकाणी गुंतवलेले होते. त्या गुंतवणुकीचं नाव 'नेव्ही फाइव्ह पर सेंट्स'. लोक नुसतं 'नेव्ही फाइव्ह्ज' म्हणायचे.

हे काय प्रकरण होतं?

ब्रिटिश आरमाराला लाकूड, दोर, शिधा असं सगळं उधारीवर घ्यावं लागायचं. व्यापाऱ्यांना पैशाऐवजी बिलं दिली जायची. ही बिलं तुंबली तेव्हा १७८४ मध्ये पंतप्रधान पिटच्या सरकारने त्यांचं रूपांतर ५ टक्के व्याजाच्या कायमच्या सरकारी कर्जात केलं. हेच ते रोखे. पुढे नेपोलियनशी लढताना सरकारने कर्जावर कर्ज काढलं, आणि वॉटर्लूनंतर ब्रिटनचं एकूण कर्ज ८० कोटी पौंडांच्या पुढे गेलं होतं. त्या डोंगरातला अगदी छोटा खडा जेनचा होता. तिचे दोन भाऊ, फ्रँक आणि चार्ल्स, आरमारात अधिकारी. म्हणजे भाऊ समुद्रावर लढत होते आणि बहिणीचे पैसे त्याच आरमाराच्या जुन्या उधारीत होते.

तेव्हा हे रोखे म्हणजे हातात धरायचा कागदही नव्हता. बँक ऑफ इंग्लंडच्या मोठमोठ्या खतावण्यांत तुमच्या नावापुढे आकडा लिहिलेला असायचा. विकला तर तुमच्या नावाखालून कमी करून दुसऱ्याच्या नावावर चढवायचा. आपल्या डिमॅट खात्याचा दोनशे वर्षांपूर्वीचा अवतार, फक्त टाक आणि शाईवाला.

व्याज दर सहा महिन्यांनी. शाळेत आपण द.सा.द.शे. ची गणितं केलीत, तीच इथे लावा. ६०० पौंड, द.सा.द.शे. ५. वर्षाला ३० पौंड, सहामाही १५ पौंड.

आता तो ४४ चा आकडा आठवा. जिचा वर्षाचा खर्च ४४ पौंड होता, तिला ३० पौंड घरबसल्या, कुणापुढे हात न पसरता मिळणार होते. मुदलाला हातही न लावता.

इथे एक बारीक मुद्दा आहे. ६०० हा रोख्यावरचा आकडा, म्हणजे दर्शनी किंमत. व्याज नेहमी त्या आकड्यावर मिळतं. पण तुम्हाला रोखा विकायचा असेल तर बाजारात जो भाव चालू असेल तोच मिळणार. तेव्हा ३ टक्क्यांचे 'कॉन्सोल्स' नावाचे सरकारी रोखेही होते. १०० चा कॉन्सोल बाजारात ६० ला मिळत असेल तर तुम्ही ६० गुंतवून वर्षाला ३ मिळवता, म्हणजे खरं व्याज ५ टक्के. युद्धाची वाईट बातमी आली की भाव पडायचा, विजयाची आली की चढायचा. आजही बाँडचा भाव पडला की त्याचं यील्ड वाढतं, ते याच गणिताने.

आणि या रोख्यांना मुदत नव्हती. अमुक वर्षी पैसे परत, असं वचनच नाही. सरकार व्याज देत राहणार, मुद्दल हवं असेल तर दुसऱ्या कुणाला विका. मात्र सरकारला वाटलं तर ते दर्शनी किंमत देऊन रोखा परत घेऊ शकत होतं. हा मुद्दा शेवटी कामाला येईल.

जेनला हे सगळं कळत होतं याचा पुरावा तिच्या कादंबऱ्यांत आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये मिस्टर कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालताना तिला जाणीव करून देतो की आईच्या पश्चात तिच्या वाट्याला येणार ते ४ टक्क्यांच्या रोख्यांतले फक्त १,००० पौंड. म्हणजे वर्षाला ४० पौंड. मागणी घालताना मुलीचं बाँडवरचं व्याज काढणारा हा माणूस वाचकाला हास्यास्पद वाटतो, पण त्याचा हिशोब बरोबर आहे, आणि म्हणूनच तो प्रसंग टोचतो.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त विधवा आई आणि तीन मुलींकडे मिळून १० हजार पौंड आहेत आणि त्यावर त्यांचं उत्पन्न वर्षाला ५०० धरलंय. पुन्हा तेच ५ टक्के. त्याच पुस्तकात सावत्र भाऊ आणि त्याची बायको ॲन्युइटी देण्याविषयी बोलतात. ॲन्युइटी म्हणजे मरेपर्यंत दरवर्षी ठरलेली रक्कम. वहिनीबाईंची तक्रार अशी की ज्याला अशी रक्कम लावून द्यावी तो माणूस मग मरतच नाही! बोलता बोलता बहिणींना द्यायचे ३,००० पौंड शून्यावर येतात. पेन्शन देणाऱ्याला आयुर्मान वाढण्याची भीती का वाटते, हे कुठल्याही विमा एजंटपेक्षा जेनने सोपं करून सांगितलंय.

तर झालं असं, की तिचा सगळ्यात लाडका भाऊ हेन्री हा बँकर होता.

लंडनमध्ये कोव्हेंट गार्डनजवळ हेन्रिएटा स्ट्रीटवर त्याची बँक. गावाकडे, चॉटनच्या शेजारच्या ऑल्टनलाही त्याच्या भागीदारीची बँक होती. माणूस उमदा, बोलका, आशावादी. जेनच्या पुस्तकांचे व्यवहार तोच बघायचा, लंडनला आली की ती त्याच्याकडेच उतरायची. घरच्यांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास. १८१३ ला तो ऑक्सफर्डशायरचा कर गोळा करणारा अधिकारी झाला. या पदासाठी जामीन लागायचे. एडवर्ड आणि त्यांचे श्रीमंत मामा ली-पेरो यांनी मोठ्या रकमांची हमी दिली.

तेव्हाच्या खासगी बँका म्हणजे काही लोकांची भागीदारी. ठेवींना कसलंही विमा कवच नाही. बँक बुडाली तर भागीदारांच्या घरादारापर्यंत वसुली. १८१५ ला युद्ध संपलं आणि धान्याचे भाव कोसळले. शेतकऱ्यांनी कर्जं थकवली आणि गावोगावच्या बँका एकामागोमाग एक बसू लागल्या. आधी ऑल्टनची बँक गेली. मग मार्च १८१६ मध्ये हेन्री दिवाळखोर जाहीर झाला.

कुटुंबाचं काय झालं बघा. जामीन राहिलेल्या मामांचे १० हजार पौंड गेले. एडवर्डचे २० हजार. दुसऱ्या भावांनाही झळ बसली. हेन्री आणि फ्रँक आता आईला वर्षाचे ५० पौंड देऊ शकत नव्हते, म्हणजे ४६० मधले १०० गेले. त्यातच एडवर्डच्या चॉटन इस्टेटीवर दुसऱ्या एका कुटुंबाने कोर्टात दावा लावला होता, म्हणजे डोक्यावरचं छप्परही वादात.

आणि जेनचं नुकसान? 'मॅन्सफिल्ड पार्क'च्या नफ्यातले हेन्रीच्या बँकेत राहिलेले १३ पौंड ७ शिलिंग.

बाकी ६०० पौंड बँक ऑफ इंग्लंडच्या खतावणीत सुखरूप होते. भाऊ बँकर, तोच सगळे व्यवहार बघणारा, तरीही तिची मुख्य बचत त्याच्या बँकेत नव्हती. तिला धोका आधी दिसला होता का, हा प्रश्न मला पडतो, पण त्याला तिची दूरदृष्टी म्हणण्याची घाई मी करणार नाही. त्या काळात अविवाहित बायका, विधवा आणि अनाथ मुलं यांचा पैसा सरकारी रोख्यांतच ठेवायचा हा रिवाज होता. तिने रिवाज पाळला. चतुर पुरुषांनी भावाच्या आणि भाच्याच्या प्रेमापोटी हमीपत्रांवर सह्या केल्या.

पुढचं वर्ष वाईट गेलं. 'एमा'च्या वेळी जॉन मरे या बड्या प्रकाशकाने तीन पुस्तकांच्या हक्कांचे मिळून ४५० पौंड देऊ केले होते. 'प्राइड'चा अनुभव गाठीशी असलेल्या जेनने ते नाकारून पुन्हा कमिशनचा मार्ग धरला. पण त्याच प्रकाशकाकडे काढलेली 'मॅन्सफिल्ड पार्क'ची दुसरी आवृत्ती पडली. 'एमा'चे २२१ पौंड जमा, 'मॅन्सफिल्ड'चे १८२ वजा. फेब्रुवारी १८१७ मध्ये तिच्या हाती आले ३८ पौंड १८ शिलिंग. म्हणजे दोन्ही वेळा तिने निर्णय घेतला आणि दोन्ही वेळा नशीब उलटं पडलं. पुस्तकाचा धंदा असाच. रोख्याचे १५ पौंड मात्र सहामाहीला येत होते.

तिने एक छोटी टिपणवजा यादी केली होती, नेव्ही फाइव्ह्जमधले ६०० सोडून बाकी पुस्तकांचा नफा किती, याची. बेरीज होते ८४ पौंड १३ शिलिंग. ६०० पौंड बाजूला, न मोजता. ते 'आहेत' म्हणून धरलेले. त्या यादीत बँकेत अडकलेले १३ पौंड ७ शिलिंगही तिने लिहून ठेवलेत.

याच दिवसांत, जानेवारी ते मार्च १८१७, ती एक नवी कादंबरी लिहीत होती. आज ती 'सँडिटन' नावाने ओळखली जाते. विषय काय, तर समुद्रकिनारी एक गाव रिसॉर्ट म्हणून विकसित करून पैसा कमवायला निघालेला एक अतिउत्साही माणूस. जुनं भक्कम घर सोडून त्याने वाऱ्यावरच्या टेकडीवर नवं घर बांधलंय. बँक बुडाल्यानंतर वर्षभराच्या आत हा विषय निवडणं योगायोग वाटत नाही. तब्येत ढासळल्यामुळे कादंबरी अर्धीच राहिली.

मार्च अखेरीस मामा वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बहिणीच्या कुटुंबाला आता काही मिळेल अशी सगळ्यांची आशा होती. मृत्युपत्र उघडलं तर सगळं मामींना. भाचरांना प्रत्येकी १,००० पौंड, पण मामींच्या पश्चात. मामी जगल्या १८३६ पर्यंत. या बातमीने आजारी जेन आणखी खचली.

२७ एप्रिल १८१७ ला तिने स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं. अगदी थोडक्यात. सगळं कसँड्राला. फक्त दोन अपवाद, प्रत्येकी ५० पौंडांचे. एक हेन्रीच्या घरी वर्षानुवर्षं काम केलेल्या मादाम बिजाँ या फ्रेंच बाईंना. दुसरे, खुद्द हेन्रीला.

१८ जुलै १८१७ ला विंचेस्टरमध्ये जेन गेली. वय ४१. मागे राहिलेली मालमत्ता ८०० पौंडांच्या आत भरली. 'नॉर्थँगर ॲबी', म्हणजे तेच १० पौंडांत सोडवलेलं पुस्तक, आणि 'पर्स्युएशन' तिच्या मृत्यूनंतर डिसेंबरमध्ये एकत्र छापली गेली.

आता तो राहिलेला मुद्दा. १८२२ मध्ये, युद्ध संपून बाजारात व्याजदर उतरल्यावर, सरकारने नेव्ही फाइव्ह्ज बंद केले. १०० च्या जुन्या रोख्यामागे १०५ चा नवा रोखा, पण व्याज ४ टक्के. ज्याच्याकडे असे ६०० पौंड होते त्याला आता ६३० वर वर्षाला २५ पौंड ४ शिलिंग मिळू लागले, ३० ऐवजी. मुद्दल बुडालं नाही, उत्पन्न मात्र घटलं. एफडी संपल्यावर नवा दर ऐकून आपल्याकडच्या निवृत्त माणसाचं जे होतं, तेच.

कसँड्रा १८४५ पर्यंत जगली, शेवटपर्यंत त्याच चॉटनच्या घरात. १८३२ मध्ये तिने आणि हेन्रीने बहिणीच्या पाच कादंबऱ्यांचे हक्क एका प्रकाशकाला विकून टाकले. पाचही मिळून २१० पौंडांना. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' त्यात नव्हती, ती तर कधीच विकली गेली होती.